अँटेनाचं तोंड कुणीकडे

सोलापूर,
१२ नोव्हेंबर १९७८

चि. चनबसप्पा,

हितं सगळी बरी आहेत, तूही बरा असशील. एवढं झालं, आता कामाचं ऐक.

घरात टीव्ही आला. तुझ्या अण्णांनी ह्या वैनीला न विचारता आणला. चार माणसांनी उचलून माजघरात ठेवला, हार घातला, बटण दाबलं, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज म्हणशील तर कारखान्यात माग बिघडल्यावर येतो तसला. समोरचा भिमा शिंपी शहाणपणा शिकवायला आला. म्हणाला, माळवदावर काठीला अॅल्युमिनियमची ताटली बांधा. बांधली. मुंग्या होत्या तेवढ्याच राहिल्या आणि माझी ताटली कावळ्यांनी घाण केली.

तू पुण्यात टीव्हीच्या दुकानात आहेस. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर चढून अँटेनाच बांधतोस की. मग आम्ही दुसऱ्या कुणाला विचारायचं? तर कसली अँटेना घ्यायची, किती काड्यांची, काठी किती उंच, सगळं नीट लिही. अण्णांना समजेल असं लिहू नको, मला समजेल असं लिही. त्यांना समजलं तरी ते करत नाहीत.

मला पुण्याचं दिसलं पाहिजे. शनिवारी मराठी सिनेमा दाखवतात म्हणे. लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, थेटरात मी तीनदा गेले, त्यातल्या एकदा तू मध्येच रडलास म्हणून उठून आले. आता बसल्या जागी शनिवारचा सिनेमा बघायचा आहे. दुसरं काही मागत नाही.

तुझ्या आईचं मांडीचं हाड सांधलं, पण उठवत नाही. खाट माजघरातच आहे, टीव्हीसमोर. दिवसातून चाळीस हाका. पाणी, उशी, कूस. टीव्ही लागला तर हाका तरी कमी होतील.

चुका धरू नको. तिसरीपर्यंतच शाळा आहे.

दाक्षायणी


पुणे,
२० नोव्हेंबर १९७८

ती. वैनींना चनबसप्पाचा नमस्कार.

पत्र वाचून दुकानात एकटाच हसलो. ताटली उतरवा.

वैनी, खरं सांगतो, राग मानू नका. पुणं तुमच्यापासून दीडशे मैल लांब. सिंहगडावरून जे सुटतं ते सोलापूरला पोचेपर्यंत दमून जातं. उंच काठी लावली, मोठी अँटेना लावली, बूस्टर लावला, तरी थंडीच्या एखाद्या संध्याकाळी दिसेल आणि चार दिवस दिसणार नाही. उलट गुलबर्ग्याला मागच्या वर्षी नवं केंद्र झालं आहे. ते तुमच्यापासून निम्म्याहून कमी अंतरावर आहे. चाळीस फुटी पाइप उभा करून अँटेनाचं तोंड अक्कलकोटच्या बाजूला केलं तर चित्र स्वच्छ येईल.

एक लक्षात ठेवा. प्रत्येक केंद्राच्या अँटेनाच्या काड्यांचं माप वेगळं असतं. पुण्याची अँटेना गुलबर्ग्याला नीट चालत नाही आणि गुलबर्ग्याची पुण्याला. त्यामुळे आधी ठरवा, मग घ्या. माझं विचाराल तर गुलबर्गाच घ्या.

तिथले कार्यक्रम कानडी असतात, अव्वालाही समजेल, तिचा वेळ जाईल.

अण्णांना नमस्कार, सिद्धारामला आशीर्वाद.

आपला,
चनबसप्पा


सोलापूर,
२७ नोव्हेंबर १९७८

चनबसप्पा,

तुझं पत्र चुलीतच घालायचं, पण आता घरात स्टो आहे.

सगळं दीडशे मैल, चाळीस फूट लिहून झाल्यावर शेवटी सहज टाकल्यासारखं टाकलंस, अव्वालाही समजेल. मी तिसरी शिकले असेन, पण सहज काय आणि मुद्दाम काय एवढं कळतं. मी विचारलं मला काय दिसेल, तू सांगितलंस आईला काय समजेल. शेवटी लेक तो लेकच.

मी ह्या घरात आले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. घरात सगळे कानडी, मी बार्शीची, मला एक अक्षर येत नव्हतं. माझ्याशी मराठी बोलायचे. पण मला कळू नये असं काही असलं की कानडी सुरू. भाजी खारट झाली, कानडी. माझ्या माहेरहून कमी आलं, कानडी. तोंडाकडं बघून मला कळायचं की माझंच चाललंय, पण काय चाललंय ते कळायचं नाही. तेव्हाच मी ठरवलं, ही भाषा शिकायची नाही. पाणी आणि भाकरी एवढं कानावर पडून पडून कळतं, बाकी अजून शिकले नाही. शिकणारही नाही.

हे सगळं सोडून दिलं असतं. एक सोडत नाही.

लग्नाला चार वर्षं झाली होती. दोनदा माझं पोट रिकामं झालं होतं, तिसऱ्या वेळी सातवा महिना लागला होता. दुपारी मी जेवायला बसले होते, अत्याबाई वाढत होत्या. तार आली. तुझ्या अण्णांनी वाचली आणि आईला कानडीत काहीतरी सांगितलं. त्यांनी कानडीत उत्तर दिलं. मी विचारलं, काय झालं. अण्णा म्हणाले, सुताचा भाव उतरला. मी हसले. म्हणाले, मग आता टॉवेल स्वस्त करा, मला एक द्या. आणि अर्धी भाकरी आणखी घेतली.

माझे आप्पा गेल्याची तार होती ती.

त्याच दुपारच्या गाडीनं अण्णा बार्शीला गेले. मला सांगितलं, सुताच्या कामाला चाललोय. जावयानं माती दिली, लेक हितं टॉवेल मागत बसली. मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. मी गेले तेव्हा नुसता मातीचा ढीग बघितला. चोवीस वर्षं झाली. बापाच्या मरणाची बातमी माझ्या समोर सांगितली आणि मी हसले, हे माझ्या मनातून जात नाही. हे मी कुणाला बोलले नाही. तुला लिहितेय, कारण तूही होतास. माझ्या ताटाशेजारी बसला होतास. नऊ वर्षांचा. तुला कळलं होतं.

आता बोल. ती भाषा मी काठी उभारून घरात आणू?

पुण्याची अँटेना धाड. नसेल धाडायची तर तसं लिही.

दाक्षायणी


पुणे,
३० डिसेंबर १९७८

ती. वैनींना नमस्कार.

उत्तराला महिना लागला. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो.

पुण्याच्या मापाची मोठी अँटेना, बूस्टर आणि चपट्या वायरचं भेंडोळं एसटीच्या पार्सलनं पाठवलं आहे. काड्या वाकू देऊ नका. छोट्या काड्यांची बाजू पुण्याकडे करायची. पाइपला तीन बाजूंनी ताणाच्या तारा द्या. आमच्या दुकानात ह्याहून चांगली अँटेना नाही. मी ती स्वतः तपासून बांधली आहे.

अव्वासाठी म्हणून मी गुलबर्गा लिहिलं नव्हतं, तिथलं चित्र चांगलं येतं म्हणून लिहिलं होतं. पण ते वाक्य मी लिहायला नको होतं, हे खरं.

त्या दिवसाचं मला आठवतं. त्यावर आज काही लिहीत नाही.

चनबसप्पा


सोलापूर,
२१ जानेवारी १९७९

चि. चनबसप्पा,

पार्सल पोचलं, एकही काडी वाकली नाही. तुझा हात चांगला आहे हे मी आधीपासून सांगते.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधीच काठी उभी केली. तुझ्या अण्णांनी पाइपला विभूती लावली, नारळ फोडला, गल्लीतली दहा माणसं जमवली. दरवर्षी जत्रेच्या मिरवणुकीत मानाच्या उंच काठ्या जवळनं बघितलेली माणसं, त्यांना वाटतं उभं केलेलं सगळं आपल्यालाच झेपतं. एक म्हणतो डावीकडं, एक म्हणतो ढील द्या. भिमा शिंपी खाली उभा राहून ओरडत होता, कारण त्याला वर चढायला भीती वाटते. शेवटी माझ्या सिद्धारामनं एकट्यानं तारा ओढल्या आणि काठी सरळ झाली.

पहिल्या शनिवारी पुणं दिसलं. खोटं बोलणार नाही, दिसलं. एक बाई विहिरीवर पाणी काढत होती. गडद काठाचं लुगडं होतं, नाकात नथ होती. माझ्या अंगावर काटा आला. मग ती बाई वर वर गेली, तिचे पाय वरून दिसायला लागले आणि मुंग्या आल्या. चार मिनिटं बघितलं असेल. दुसऱ्या शनिवारी तेवढंही नाही. गल्लीतली पोरं कंटाळून गेली. अण्णा रोज कारखान्यातून सायकलवर येतात आणि पाइप हलवत बसतात. तुझी आई मात्र मुंग्यांकडंही बघत राहतात. हाका कमी झाल्या नाहीत.

आता पुढचं लिहिते. लिहू नये असं वाटतं, पण मला पोटात ठेवता येत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वारा सुटला. पाइपचा खालचा बोल्ट ढिला झाला असणार, अँटेना आपोआप फिरली. मी भाकऱ्या थापत होते. माजघरातून माणसाचा आवाज आला. मला वाटलं कुणी आलं. बघते तर टीव्हीत एक म्हातारा शेतकरी बांधावर बसून बोलतोय. चित्र जरा थरथरत होतं, पण माणूस पुरा दिसत होता. कानडी. आणि तुझी आई कोपरावर उठून बसल्या होत्या. सहा महिन्यांत त्या आपल्या आपण उठल्या नाहीत. त्या म्हाताऱ्याला उत्तर देत होत्या. त्यानं काही विचारलं की ह्या सांगायच्या. एकदा तर मोठ्यानं हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात पडलेत हे मला तेव्हा कळलं.

मी काय केलं सांगू? हात पिठाचे तसेच घेऊन माळवदावर गेले आणि पाइप पुण्याकडं फिरवला.

खाली आले. मुंग्या. त्या अजून कोपरावर होत्या. मला विचारलं, "गेलं?"

मी म्हणाले, "गेलं. वारा हाय."

त्यांनी मान हलवली आणि आडव्या झाल्या. माझ्या हातावरचं पीठ पाइपला लागलं होतं, पाइपचा गंज हाताला लागला होता. त्यांनी बघितलं असलं तर बोलल्या नाहीत.

तेव्हापासून भाकरी गोड लागत नाही. त्यांनी मला फसवलं, मी त्यांना फसवलं. फिट्टंफाट झाली म्हणायची तर बरं वाटायला पाहिजे होतं की.

मला शहाणपण शिकवू नको. फक्त वाच.

दाक्षायणी


पुणे,
२९ जानेवारी १९७९

ती. वैनी,

शहाणपण शिकवत नाही. मागच्या पत्रात जे लिहायचं टाळलं ते लिहितो.

त्या दिवशी मी तुमच्या ताटाशेजारी होतो. अण्णानं तार वाचून अव्वाला सांगितलं, हिचे वडील गेले, हिला आत्ता सांगतो आणि दुपारच्या गाडीनं घेऊन जातो. अव्वाच्या हातात भाकरीची टोपली होती. ती म्हणाली, "अवळु ऊटा माडली." म्हणजे, तिला जेवू दे. अण्णा म्हणाला, अव्वा, बाप आहे तिचा. अव्वा म्हणाली, ह्या पोटाला मी गाडीत बसवणार नाही, शिव्या मी खाईन. एवढंच बोलणं झालं. मग तुम्ही हसलात. अव्वा तुमच्या ताटात भाकरी टाकून न्हाणीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

नंतर तिनं माझी हनुवटी धरून सांगितलं, वैनीला बोललास तर तुला घरात घेणार नाही. मी नऊ वर्षांचा होतो, मला ते खरं वाटलं. पण मी काही नऊ वर्षांचाच राहिलो नाही. पुढं चोवीस वर्षं बोललो नाही, ते भीतीनं नाही. ज्या वैनीनं मला मांडीवर बसवून जेवू घातलं तिला हे कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून बोललो नाही. माझी चूक तुम्ही धरलीत ती बरोबर धरलीत.

अव्वानं बरोबर केलं असं मी म्हणत नाही. वडिलांचं तोंड बघायचा हक्क तुमचा होता. मी फक्त काय शब्द होते ते सांगितलं. ते तुमच्याबद्दलच होते, पण तुम्हाला वाटतात तसले नव्हते.

अँटेनाचं तोंड कुठं करायचं ते तुम्ही ठरवा. ह्यापुढे मी सुचवणार नाही.

चनबसप्पा


सोलापूर,
१४ फेब्रुवारी १९७९

चि. चनबसप्पा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आणि सिद्धाराम कारखान्यात होते, तेव्हा मी खाटेजवळ पाट घेऊन बसले. मला गोडीत विचारता येत नाही. मोठ्यानं विचारलं, कारण त्यांना ऐकू कमी येतं. माझे आप्पा वारले तेव्हा मला का सांगितलं न्हाई?

त्यांनी आधी उशी सारखी केली. मला वाटलं विसरल्या. मग त्यांच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तू जेवत होतं." पुढं म्हणाल्या, "माझी आई मेली तवा मला सांगितलं. मी बैलगाडीत बसलं. वाटेत माझं गेलं."

मी विचारलं, काय गेलं? त्यांनी पोटावर हात ठेवला.

चनबसप्पा, तुझे अण्णा आणि तू, मध्ये एवढं अंतर का, हे मी अठ्ठावीस वर्षांत कधी विचारलं नाही. त्यांना मराठीत सांगता येत नव्हतं आणि मला कानडीत विचारायचं नव्हतं. सिद्धाराम तेव्हा सातव्या महिन्यात पोटात वाचला तो असा वाचला. हे मला पटलं म्हणू की नको ते कळत नाही. आप्पांचं तोंड बघायला मिळालं नाही ते नाहीच. ते कुणी भरून देऊ शकत नाही, त्याही नाहीत. तसं मी त्यांना सांगितलं. त्या व्हय म्हणाल्या. नुसतं व्हय. मग पाणी मागितलं, मी दिलं.

मग मी त्यांना सांगितलं की त्या मंगळवारी वारा नव्हता, मी फिरवलं होतं. त्या म्हणाल्या, "पीठ दिसलं."

त्या संध्याकाळी मीच वर जाऊन अँटेना अक्कलकोटकडं फिरवली. तुझे अण्णा खालून विचारायला लागले की हे कशाला. मी सांगितलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला ह्यातलं काही माहीत नाही. बैलगाडीचं त्यांना खरंच माहीत नाही. तू पण सांगू नको, मला वाटलं तर मी सांगेन.

आता रोज संध्याकाळी बघतो. आधी मी नुसती भाकऱ्या करत ऐकत होते. परवा एक बाई रडत होती, तिच्यासमोर एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. मला राहवलं नाही. विचारलं, काय म्हणतेय ती? त्या म्हणाल्या, जाऊ नको म्हणते. आणि तो काय म्हणतो? त्या म्हणाल्या, थांब, ऐकू दे. मी म्हणाले, थांबत नाही, लगेच सांगा, चित्र पुढं जातं. तेव्हापासून त्या वाक्यावाक्याला मला थांबवून ऐकतात आणि सांगतात. अर्धं मराठी, अर्धं हातानं. कुठं चुकत असतील ते मला कळत नाही, पण सांगतात. काल भिमा शिंप्याची बायको बसायला आली होती, ती म्हणाली, तुम्हाला कळतं का ओ कानडी? मी म्हणाले, मला कशाला कळायला पाहिजे, अत्याबाई आहेत की.

शनिवारचा सिनेमा मी सोडला नाही. तू पुण्याला मोठी खोली घेतलीस की मी येईन आणि तितं बघेन.

पण एक काम आहे आणि ते लगेच कर. तू लिहिलं होतंस तसंच आहे, पुण्याच्या मापाच्या काड्यांवर गुलबर्गा नीट धरत नाही. मध्येच चित्र थरथरतं आणि आवाज बसतो. आवाज बसला की त्यांना ऐकू येत नाही, आणि त्यांना ऐकू आलं नाही की माझं सांगणं बंद. काल असाच एक माणूस मुलीला काहीतरी सांगत होता, मुलगी गप्प उभी होती, आणि नेमकं तेव्हाच गेलं. अत्याबाई आणि मी दोघी बसून राहिलो, तो काय बोलला असेल ह्यावर भांडत. गुलबर्ग्याच्या मापाची अँटेना ह्याच आठवड्यात धाड. पार्सलनं नको, तूच घेऊन ये.

दाक्षायणी